वाघाचा फोटो आणि शेळीचा बिल्ला

धाराशिव जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. तुळजापूरला भवानी आहे, नळदुर्गला किल्ला आहे, तेरला गोरोबाकाका आहेत, भूमला खवा आहे. पण पिंजऱ्यातला वाघ बघायचा तर पुणे, हैदराबाद नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. त्यामुळे प्राण्यांचे फोटो काढण्याचा छंद आमच्याकडे रुजला नसेल असं बाहेरच्यांना वाटतं. तसं काही नाही. ज्या जिल्ह्याने कितीतरी उन्हाळे टँकरच्या भरवशावर काढले, त्याला नसलेल्या गोष्टीवाचून काम चालवण्याचा सराव असतो.

माझे दाजी हे या छंदाचे इथले आधारस्तंभ. सोयाबीनला बरा भाव मिळाला त्या वर्षी त्यांनी कॅमेरा घेतला, आणि भाव पडला त्या वर्षी 'आता शेतीत काही राहिलं नाही' म्हणून लेन्स घेतली. ताईने दोन्ही वर्षी पाटल्या मागितल्या होत्या. लेन्स दोनशे ते सहाशे मिलिमीटरची. ती पिशवीतून बाहेर निघाली की गल्लीतली माणसं जमतात आणि पाऊस कुठवर आलाय ते बघून सांगा म्हणतात. मी पडलो मेहुणा. म्हणजे ट्रायपॉड माझ्या खांद्यावर.

आमच्या भागातली माणसं पुण्याला मुद्दाम प्राणी बघायला जात नाहीत. कुणाचं तरी ऑपरेशन असतं, कुणाच्या तरी मुलीची ॲडमिशन असते, आणि ते काम उरकलं की 'आता आलोच आहोत तर' म्हणून कात्रज होतं. पेशवे पार्कातले प्राणी जिथे हलवले ते हे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, 1999 सालचं, एकशेतीस एकरांचं. आता आमच्या लोकांची सरकारी आणि दवाखान्याची कामं नेमकी मंगळवारी संध्याकाळी संपतात, आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय दर बुधवारी बंद असतं. फाटकाबाहेर चिंचा-आवळे घेऊन परत फिरलेली धाराशिवची कुटुंबं किती असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. मुंबईची राणीची बागही बुधवारीच बंद. वाघ, बिबट्या, हरणं, पेंग्विन, सगळ्यांना आठवड्याची सुट्टी एकाच दिवशी देऊन प्रशासनाने प्राण्यांचं ऐक्य साधलंय.

आत शिरायला मिळालं की खरी कसोटी सुरू होते, ती जाळीशी. जाळी फोटोत येऊ नये यासाठी एक युक्ती आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे: लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, झूम लांब करायचा, ॲपर्चर पूर्ण उघडायचं आणि प्राणी जाळीपासून चांगला आत असताना बटण दाबायचं. जाळी इतकी धूसर होते की फोटोत दिसतच नाही. दाजींनी ही युक्ती मला पुणे स्टेशनपासून स्वारगेटपर्यंत समजावून सांगितली. अडचण एवढीच की प्राणिसंग्रहालयाने जाळीच्या अलीकडे माणसांसाठी एक कठडा बांधलेला असतो, आणि त्याने ही युक्ती वाचलेली नसते. त्यातून प्राण्याला आत बसवावं म्हटलं तर तो नेमका जाळीला अंग घासत उभा राहतो. जिथे जाळीऐवजी मोठा खंदक आहे तिथे फोटोग्राफरला हायसं वाटतं. पण खंदकापलीकडे झाड असतं, झाडाखाली सावली असते आणि सावलीत जे काही पडलेलं असतं ते वाघ आहे की मागच्या पावसात वाहून आलेलं खोड, यावर दोन घरांमध्ये वाद होतो.

काचेचं शास्त्र वेगळं. काळे कपडे घालायचे, फ्लॅश बंद ठेवायचा आणि लेन्स काचेला चिकटवायची, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. राणीच्या बागेत 2016 साली हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आले आणि 2017 च्या मार्चपासून ते लोकांना बघायला मिळू लागले, तेव्हापासून तिथल्या काचेने महाराष्ट्रातल्या लाखो कुटुंबांचे फोटो काढले असतील. काचेला चिकटायचं म्हटलं तरी आधी तिथवर पोचायला हवं. मागून रांग ढकलत असते, पुढे एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन 'ते बघ, ते बघ' करत असतात, आणि पहारेकरी 'चला पुढे, चला पुढे' म्हणत असतो. दाजींना मिळाला तो एकच फोटो. त्यात एक पेंग्विन आहे आणि त्याच्या पोटावर माझा चेहरा स्पष्ट उमटलाय. दाजींनी त्याला 'अद्वैत' असं नाव देऊन तो ग्रुपवर टाकला. पहिलाच अभिप्राय आला, 'पाव्हणे बारीक झाले'.

राणीच्या बागेतल्या वाघांबद्दल मात्र आम्हाला जरा आपुलकी. 2020 च्या फेब्रुवारीत तिथे शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली ती आमच्या मराठवाड्यातून, छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून. मुंबईकर ज्यांच्यापुढे 'वाघ वाघ' करत उभे राहिले ते पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले मराठवाड्याचेच गडी. दाजी तिथे कठड्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मागच्या माणसाला वाटलं आत देऊळ आहे. त्यानेही चप्पल काढली.

सर्जनशील फोटोग्राफीचा दाजींचा पहिला नियम असा की प्राणी पूर्ण काढायचा नाही. पूर्ण प्राणी पोराच्या चित्राच्या वहीत असतो. आपण काढायचा कान. किंवा शेपटीचा शेंडा. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात आम्ही गेलो, ते 1963 सालचं आणि तीनशेऐंशी एकरांवर पसरलेलं. आमच्या आजोबांच्या पिढीला शहर म्हणजे हैदराबादच होतं, कारण जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे तिथे गेलं की उगाच आजोळी आल्यासारखं वाटतं. तिथे पाणघोड्यापुढे दाजी अर्धा दिवस बसले आणि त्याच्या दोन नाकपुड्या टिपून उठले. काळंशार पाणी आणि त्यात दोन भोकं. ताईने तो फोटो बघून विचारलं, "बोअर कुठं मारला?"

या सगळ्या काळात माझा कॅमेरा, म्हणजे फोन, पिंजऱ्याच्या उलट्या बाजूला असायचा. तिकडे जास्त हालचाल होती. एक गृहस्थ झोपलेल्या बिबट्याला उद्देशून तळमळून ओरडत होते, "ए, ऊठ की! लांबनं आलोय!" प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना छेडणं, डिवचणं, खायला घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण गावाचं अंतर सांगणं त्यात बसत नसावं. एक बाई पोराला सांगत होत्या, "बघ, अभ्यास न केल्यावर असं बसावं लागतं." पोरगं बिबट्याकडे बघत राहिलं. बिबट्या सावलीत होता, त्याला जेवण जागेवर मिळत होतं आणि त्याला गृहपाठ नव्हता. आईच्या युक्तिवादातली गळती पोराच्या लक्षात आलेली चेहऱ्यावर दिसत होती. गॅरी विनोग्रँड नावाचा न्यूयॉर्कचा एक मोठा फोटोग्राफर साठच्या दशकात तिथल्या प्राणिसंग्रहालयात हेच करत फिरायचा. जनावर आणि त्याच्याकडे बघणारं माणूस, दोघं एका चौकटीत. 1969 साली त्याचं 'द ॲनिमल्स' हे पुस्तक निघालं. दाजींना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "माणसंच काढायची होती तर मी लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या असत्या."

फोटोग्राफरांच्या जगात एक गुपित आहे, ते प्राणिसंग्रहालयात काढलेल्या फोटोंना जंगलातला वास कसा द्यायचा हे. मागचा हौद कापायचा, हिरवा रंग थोडा वाढवायचा आणि खाली 'पहाटेची ती वीस मिनिटं' असं काहीतरी लिहायचं. हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. लंडनच्या जगप्रसिद्ध 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत 2009 साली होसे लुईस रॉड्रिगेझ या स्पॅनिश फोटोग्राफरला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोत रात्रीच्या अंधारात एक लांडगा लाकडी फाटकावरून झेप घेतोय. फोटो बघून लोक हबकले. मग दुसऱ्या काही जणांना तो लांडगा ओळखीचा वाटला. चौकशी झाली आणि 2010 च्या जानेवारीत परीक्षकांनी निकाल दिला की हा बहुधा माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातला माणसाळलेला लांडगा असावा. बक्षीस काढून घेतलं. रॉड्रिगेझने आरोप नाकारला. 2018 मध्ये तर याच स्पर्धेतलं एक बक्षीस परत घ्यावं लागलं ते फोटोतलं मुंगीखाऊ भुसा भरलेलं आहे असं तज्ज्ञांचं मत पडल्यामुळे. दाजी हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होते. फसवणुकीचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. "अरे, लांडगाच पाहिजे होता तर आपल्या माळावर यायचं की," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आता आमच्या माळावर लांडगे आहेत, काळविटं आहेत, हे खरंच. पण आमचा लांडगा कॅमेरा पिशवीतून निघायच्या आधी माणूस मोजतो, आणि फोटोत येतात ते दोन कान आणि उडालेली धूळ. कान काढायचे या नियमात हा फोटो बसतो म्हणून दाजींनी तो जपून ठेवलाय.

असं सगळं चाललेलं असताना 2024 च्या डिसेंबरात जिल्ह्यात खरा वाघ आला.

येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य धाराशिवपासून हाकेच्या अंतरावर. क्षेत्रफळ जेमतेम बावीस चौरस किलोमीटर, त्यातून रस्ता जातो, रेल्वे जाते आणि श्रावणात अख्खा जिल्हा जातो. तिथे वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. पट्टे जुळवून बघितल्यावर कळलं, हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आला. वाटेत शेतं, महामार्ग, कालवे, गावं. त्याला कुणी अडवलं नाही, आणि अडवलं असतं तर काय म्हणून अडवलं असतं? मराठवाड्यातून लोक बाहेर जातात हे आम्ही जन्मापासून बघतोय. बाहेरून कुणीतरी स्वखुशीने, पायी, इथे राहायला आल्याचं अप्रूप निराळंच. दोन-चार दिवस धाराशिवकर एकमेकांशी जरा ताठ मानेने बोलत होते.

मग फोटो सुरू झाले. सकाळी उठून फोन उघडावा तर प्रत्येकाच्या स्टेटसला वाघ. वैरागचा वाघ, कळंबचा वाघ, 'आत्ताच आपल्या रानात' वाघ. त्यातल्या एकामागे साग होता, एकामागे बर्फ होता. एकाच्या मागे तर सिमेंटचा हौद होता आणि 'कृपया प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत' ही पाटी अर्धी कापलेली दिसत होती. 'खाद्यपदार्थ दे' एवढीच उरली होती. पाठवणाऱ्याला मी विचारलं तर तो म्हणाला, "वाघ तर खरा हाय ना?" यावर बोलण्यासारखं काही राहत नाही.

खरा फोटो मात्र वनखात्याचाच होता आणि तो काढायला कुणीही तिथे नव्हतं. झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेली एक डबी. समोरून ऊब आणि हालचाल गेली की ती आपोआप टिपते, तारीख-वेळ छापते आणि पुन्हा गप्प बसते. ही कल्पना जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा इंग्रज वनाधिकारी शंभर वर्षांपूर्वी संयुक्त प्रांतात वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतः काढून निघून जायचा. 1927 साली चॅम्पियनने त्यावर पुस्तक लिहिलं, आणि शिकारीऐवजी कॅमेरा धरा हे सांगायला सुरुवात केली. दाजींनी येडशीच्या वाघाचा फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, फोन लांब धरला, आणि म्हणाले, "उजेड सपाट आहे." मला त्यांची दया आली. आयुष्यभराची हौस, लाखभराची लेन्स, आणि जिल्ह्यातला सगळ्यात गाजलेला प्राण्याचा फोटो एका डबीने काढला. त्या डबीला ॲपर्चरमधला 'ॲ' कळत नव्हता.

पुढे वाघाने जनावरं मारायला सुरुवात केली, शेतकऱ्यांना रात्री पाणी द्यायला जाणं अवघड झालं, आणि वाघाला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं. ताडोबाहून तयारीचं पथक आलं. ड्रोन आले. वाघ काही त्यांच्या हाती लागला नाही. आज बार्शीच्या बाजूला तर उद्या भूमच्या, असा तो फिरत राहिला. ज्याच्यामागे एवढा सरकारी लवाजमा होता त्याचा फोटो आपल्याला मिळेल हा दाजींचा विश्वास मात्र तसूभर ढळला नाही. वनखात्याने जंगलात जायला मनाई केल्यामुळे आम्ही रामलिंगच्या देवळापर्यंतच जायचो. जटायू इथेच रावणाशी लढून पडला असं सांगतात. दाजी म्हणायचे, जागा तर चांगली आहे.

देवळापाशी वाघ नव्हता, माकडं होती. रामलिंगच्या माकडाला माणसाच्या हातातली पिशवी फुटाण्याची आहे की औषधांची हे लांबून कळतं. त्यातल्या एकाने दाजींच्या लेन्सचं झाकण पळवलं, कठड्यावर बसून दोन्ही बाजूंनी नीट तपासलं आणि डोळ्याला लावून आमच्याकडे बघितलं. मला एकदम सुलावेसीची गोष्ट आठवली. इंडोनेशियातल्या त्या बेटावर 2011 साली डेव्हिड स्लेटर या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावर माकडाने स्वतःचे फोटो काढले होते, दात काढून हसताना. फोटो जगभर गेला, आणि त्याच्यावर हक्क माकडाचा की माणसाचा यावर अमेरिकेत खटला उभा राहिला. माकडाच्या बाजूने पेटा ही संस्था उभी होती. 2018 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही. मी हे सगळं दाजींना सांगत होतो तेवढ्यात देवळातल्या पुजाऱ्यांनी एक केळं पुढे केलं, माकडाने झाकण खाली टाकलं, आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं.

परतीच्या वाटेवर, येडशीच्या अलीकडे, बांधावर शेळ्या चरत होत्या. उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचं नाव 2023 साली बदललं, शेळीचं कागदोपत्री अजून तेच आहे. ही आमच्या जिल्ह्याची जगाला दिलेली खरी देणगी. काळीभोर, काटक, दुष्काळात बाभळीच्या शेंगांवर तगणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. पुण्या-मुंबईच्या कुठल्या पिंजऱ्यात तिच्यापुढे तिकीट लावून कुणी उभं राहत नाही. दाजींनी गाडी थांबवली. "पाव्हणं," ते म्हणाले, "काळं जनावर काढणं ही सगळ्यात अवघड कला."

आणि हे मात्र खरं होतं. कॅमेऱ्याच्या मते जगातली प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी असते. काळी शेळी दाखवली की त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो जास्त उजेड ओढतो आणि शेळी राखेत लोळून आल्यागत निघते. पांढरा वाघ दाखवला की उलटं होतं आणि वाघ मळका येतो. म्हणून काळ्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम खाली आणायचं आणि पांढऱ्यासाठी वर न्यायचं. दाजींनी एक टप्पा खाली आणला, चिखलात पोटावर झोपले, शेळीच्या डोळ्याच्या पातळीवर आले आणि वाट बघू लागले. शेळीने मान वळवली. पिवळट डोळा आणि त्यात आडवी काळी बाहुली, पोस्टाच्या पेटीच्या फटीसारखी. त्या डोळ्यात मावळतीचा एक ठिपका चमकला आणि दाजींनी बटण दाबलं. मी तो फोटो बघितलाय. केसन् केस सुटा, काळ्यात निळी झाक, नाकावर एक गवताची काडी. दाजींनी आयुष्यात काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो, यात मला शंका नाही.

"कोण हाय वो?" बांधापलीकडून आवाज आला. हातात काठी, डोक्यावर पदर, शेळ्यांची मालकीण. "इमावाले का?"

"नाही आजी, फोटो काढतोय फक्त."

"मग इमावालेच. मागच्या साली माझी गाभण शेळी मेली तवा कुठं होता?"

दाजींनी कॅमेरा उलटा करून पडदा तिच्यापुढे धरला. म्हातारीने डोळे बारीक करून पाहिलं. कौतुकाची वाट बघत दाजी चिखलातच बसले होते.

"बिल्ला कुठं हाय?"

"काय?"

"कानातला बिल्ला. नंबर दिसाया पायजे. अन् मी पायजे शेजारी. नुस्त्या डोळ्याचं काय करायचं?"

शेळीचा विमा उतरवताना कानात पिवळा बिल्ला मारतात आणि त्याच्या नंबरासकट फोटो लागतो, हे आमच्या भागात पोरालाही माहीत. हा फोटो काढून बघावा एकदा. शेळी, तिचा मालक, बिल्ल्यावरचा आकडा, तिन्ही एका चौकटीत आणि तिन्ही स्पष्ट. शेळी कान फडकावते तेव्हा आकडा पुसट होतो, ती स्थिर उभी राहते तेव्हा मालकाने डोळे मिटलेले असतात, आणि दोघं जमून आले की शेळी पाठ फिरवते. विनोग्रँडने न्यूयॉर्कमध्ये जे केलं ते याहून सोपं होतं असं माझं मत आहे. दाजींनी तासभर घाम गाळला. शेवटी म्हातारीने काठीची मूठ शेळीच्या गळ्यात अडकवली, दुसऱ्या हाताने तिचा कान ताठ धरला, आणि करड्या चेहऱ्याने थेट लेन्समध्ये बघितलं. बिल्ल्यावरचा शेवटचा आकडासुद्धा वाचता येत होता.

"आता बरा आलाय," ती म्हणाली. "माझ्या नातवाच्या फोनवर टाका. अन् थांबा जरा."

आम्ही थांबलो. तिने वस्तीच्या दिशेने दोन हाका मारल्या. थोड्या वेळात बांधावर माणसं आणि जनावरं दिसू लागली. कुणाकडे दोन शेळ्या, कुणाकडे बोकड, एकाकडे बिल्ला पडलेली पाट आणि तो बिल्ला वेगळा खिशात. सगळ्यात शेवटी एक गडी म्हैस घेऊन आला. त्याने लेन्सकडे एकवार आणि म्हशीकडे एकवार बघून विचारलं, "दाजी, ही मावंल का त्यात?"

दाजींनी झूम मागे घेतला. म्हशीचं कपाळ आलं. आणखी मागे घेण्यासारखं लेन्समध्ये काही नव्हतं, तेव्हा दाजीच मागे सरकू लागले. डोळा कॅमेऱ्याला, पाय ढेकळात, एक पाऊल, दोन पावलं, पाणी दिलेल्या कांद्याच्या वाफ्यापर्यंत. म्हशीला हा माणूस पाण्याकडे निघालाय एवढं कळलं आणि तीही त्यांच्या मागोमाग निघाली.